हायड्रोसीलचं ऑपरेशन खासगीत करून घेताना

हायड्रोसीलचं ऑपरेशन साधारण पाऊण तासात आटोपतं. माझंही नागपुरातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये तसंच आटोपलं. पण पेशंट आठवड्याभरात कामाला लागतो की महिनाभर ड्रेसिंगच्या चकरा मारतो, हे त्या पाऊण तासाच्या अलीकडे-पलीकडे ठरतं. आधी तपासणी नीट व्हायला हवी आणि नंतर पहिले दोन-तीन दिवस आत रक्त साचता कामा नये. या दुखण्याबद्दल पुरुष कुणाशी बोलत नाहीत, कित्येकजण घरातही वर्षानुवर्षं लपवतात, आणि शेवटी अडलं की मिळेल त्या दवाखान्यात जातात. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमच्या पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, हायड्रोसीलमागे हत्तीरोग असू शकतो हे धरूनच चालावं लागतं. शासकीय रुग्णालयांत हत्तीरोग कार्यक्रमाखाली हे ऑपरेशन मोफत होतं. पैशांची ओढाताण असेल तर बेलाशक तिथे जावं, ऑपरेशन तेच असतं. खासगीकडे माणूस वळतो तो तारीख सोयीची मिळावी, स्वतंत्र खोली असावी आणि सोबत हर्निया, शुगर, हृदयाचं दुखणं असेल तर सगळं एका ठिकाणी बघितलं जावं म्हणून.

वृषणाभोवती दोन पदरांचं पातळ आवरण असतं. त्या दोन पदरांमध्ये पाणी साचतं तेव्हा त्याला हायड्रोसील म्हणतात. हे पाणी शंभर-दोनशे मिलि असू शकतं, जुन्या केसमध्ये लिटरच्याही वर जातं. पहिली तपासणी अगदी साधी. सर्जन तुम्हाला उभं करतो, सुजेच्या वरच्या टोकाला अंगठा आणि बोट लावून बघतो. सुजेच्या वर बोटं भिडली आणि मधे फक्त दोरीसारखी नस लागली, तर सूज अंडकोषातलीच. बोटं वर पोहोचतच नसतील, खोकल्यावर धक्का जाणवत असेल, तर आतडं उतरलंय का हे बघावं लागतं. मग खोलीतला दिवा बंद करून सुजेच्या मागून टॉर्च लावतात. पाणी असेल तर सगळा भाग लालसर उजळतो आणि वृषणाची काळी सावली बहुतेक मागच्या बाजूला दिसते. आवरण जाड झालं असेल, पाणी दुधाळ असेल किंवा आत रक्त असेल, तर उजेड पलीकडे येत नाही. त्यामुळे टॉर्चने दिसलं नाही म्हणजे हायड्रोसील नाही, असं नव्हे.

इथे थांबून सरळ ऑपरेशनची तारीख घेऊ नका. अंडकोषाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्तप्रवाहही दाखवणारी सोनोग्राफी, झालीच पाहिजे. पाण्याच्या आड वृषण हाताला नीट लागत नाही, आणि तरुण माणसात वृषणाच्या कॅन्सरच्या गाठीभोवतीही पाणी साचतं. अशी गाठ असेल तर चीर अंडकोषावर द्यायची नसते, जांघेतून जावं लागतं. अंडकोष उघडल्यावर गाठ सापडली तर पुढचा सगळा उपचार अवघड होऊन बसतो. रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा: दोन्ही वृषणांचा आकार आणि पोत सारखा आहे का, दोन्हीकडे रक्तप्रवाह आहे का, आवरण किती जाड आहे आणि आत पडदे आहेत का, आणि जांघेत हर्निया आहे का. गाठीची शंका असेल तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या ऑपरेशनच्या आधी होतात. आणि सूज अचानक आली असेल, सोबत असह्य कळा असतील, तर ही सगळी वाट सोडून तडक इमर्जन्सीत जा. वृषणाला पीळ बसला असेल तर सहा तासांच्या आत सोडवला तर वाचण्याची आशा मोठी असते.

हत्तीरोगाच्या भागातल्या माणसाने रक्ताची तपासणीही सांगून करून घ्यावी. हत्तीरोगाचे जंतू दिवसा रक्तात फारसे सापडत नाहीत, म्हणून रक्ताचा थेंब रात्री दहानंतर घेतात. कार्डावरची अँटिजेन टेस्ट मात्र दिवसाही चालते. तपासणी पॉझिटिव्ह आली तर डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाचा कोर्स देतात, वजनाच्या दर किलोला रोज ६ मिलिग्रॅम असा बारा दिवस. औषधाने जंतू मरतात, पण साचलेलं पाणी त्याने ओसरत नाही, तिथे ऑपरेशनच लागतं. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून हत्तीरोगाच्या सामूहिक मोहिमेत तीन औषधं एकत्र दिली गेली. त्या गोळ्या घेतल्या होत्या की नाही, हेही डॉक्टरांना सांगावं.

ऑपरेशन कुणाला लागत नाही, तेही सांगतो. सूज लहान, दुखत नाही, चालताना-बसताना अडत नाही आणि सोनोग्राफी स्वच्छ आहे, तर मोठ्या माणसाने नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. तान्ह्या बाळाचं हायड्रोसील बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. नाही गेलं तर त्याचं ऑपरेशन जांघेतून होतं आणि ते मुलांच्या सर्जनकडेच करावं. सुईने पाणी काढून घेण्याच्या फंदात पडू नका. आवरण तेच राहतं, ते पुन्हा पाणी सोडतं, सूज परत येते आणि सुईवाटे जंतू आत जाण्याची भीती वेगळीच. ज्यांना भूल झेपणारच नाही अशा वयस्करांना पाणी काढून आवरण चिकटवणारं औषध आत सोडतात, तो पर्याय सर्जनने समोर बसून समजावलेला असावा.

सर्जन निवडताना मी एकच प्रश्न महत्त्वाचा मानतो: आवरणाचं तुम्ही काय करणार? पातळ आवरणाला टाके घालून त्याच्या चुण्या करून बसवतात, ती लॉर्डची पद्धत. त्यात कापाकापी कमी, म्हणून रक्तस्रावही कमी. मध्यम आकाराच्या हायड्रोसीलमध्ये आवरण उलटं करून वृषणाच्या मागे शिवतात, ती जाबूलेची पद्धत. आवरण जाड, जुनं किंवा हत्तीरोगाचं असेल तर ते जवळजवळ सगळं कापून काढतात, वृषण आणि त्याच्या मागच्या, शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळीभोवती थोडी कड ठेवून. पुन्हा पाणी साचण्याची शक्यता यात सगळ्यांत कमी, पण कापलेल्या कडेतून रक्त झिरपण्याची शक्यता जास्त. जो सर्जन सोनोग्राफीतली जाडी बघून यातलं काय करणार आणि का, हे सांगतो, त्याच्याकडे जावं. पुढे मूल हवं असेल तर तेही आधीच सांगा, कारण आवरण मागच्या नळीला चिकटलेलं असेल तर ती नळी दुखावण्याचा धोका असतो आणि सर्जन तिथे बेताने कापतो. ‘लेझर’ची जाहिरात खूप दिसते. लेझर फार तर सुरीच्या जागी येतो. चीर द्यावीच लागते, आवरण उलटावं किंवा काढावंच लागतं. फक्त त्या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

आता पैशांचं. एकाच शहरात दोन हॉस्पिटलांचे आकडे दुपटीने वेगळे निघतात, कारण ‘पॅकेज’मध्ये काय धरलंय ते प्रत्येकाचं वेगळं असतं. लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, असिस्टंटची फी, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) चार्जेस, खोलीभाडं, नर्सिंग, ओटीतली औषधं आणि साहित्य, ऑपरेशनआधीच्या तपासण्या आणि आवरण तपासायला पाठवलं तर पॅथॉलॉजीचे पैसे, अशा ओळी सुट्या हव्यात. दोन्ही बाजूंना हायड्रोसील असेल तर दुसऱ्या बाजूचे किती, हे स्पष्ट विचारा. एकाच भुलीत दोन्ही होतात, तेव्हा दुप्पट रक्कम लावायचं कारण नसतं. घोळ सगळ्यांत जास्त होतो तो ओटीच्या साहित्यात. माझ्या बिलात हातमोज्यांच्या जोड्या आणि टाक्यांचे धागे ओटी नोटशी, म्हणजे ऑपरेशनच्या लेखी नोंदीशी, जुळत नव्हते. काउंटरवर शांतपणे दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवल्यावर त्या ओळी काढल्या गेल्या. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, तेव्हा ते मागायला संकोच वाटून घेऊ नये.

विमा असेल तर तारीख ठरवण्याआधी पॉलिसीचं पुस्तक उघडा. हायड्रोसील बहुतेक पॉलिसींच्या ठरावीक आजारांच्या यादीत असतं, म्हणजे सुरुवातीचा काही काळ त्याचा खर्च मिळत नाही. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित आरोग्य विमा पॉलिसीत हा काळ २४ महिन्यांचा आहे. क्लेम अडकतो तो केस पेपरवरच्या एका ओळीवर. ओपीडीत घाईघाईत ‘बऱ्याच वर्षांपासून’ असं लिहिलं जातं आणि कंपनी तेवढ्यावरून आजार पॉलिसीच्या आधीचा ठरवते. सूज पहिल्यांदा कधी लक्षात आली ते खरं आणि नेमकं सांगा, महिना-वर्षासकट लिहून घ्या, आणि आधीची सोनोग्राफी असेल तर तारखेनिशी जोडा. खोलीभाड्याची मर्यादा बघितल्याशिवाय खोली निवडू नका. मर्यादा ३,००० आणि खोली ५,००० ची घेतली, तर पुष्कळ पॉलिसी सर्जनच्या फीसकट संलग्न खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे ६० टक्केच देतात. ठरवून केलेल्या ऑपरेशनची पूर्वपरवानगी दोन-तीन दिवस आधी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या संस्थेकडे, जायला हवी. कॅशलेस नसलेल्या छोट्या नर्सिंग होममध्ये गेलात तर दाखल होण्याआधी कंपनीला कळवा आणि तिथल्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन ठेवा, क्लेमला ती हमखास मागतात.

ऑपरेशनआधीच्या तपासण्या सगळीकडे जवळपास सारख्याच: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्तगट, शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), रक्त गोठण्याची तपासणी, एचआयव्ही, काविळीच्या बी आणि सी, लघवीची तपासणी, ईसीजी आणि वयानुसार छातीचा एक्स-रे. यावर फिजिशियन फिटनेस देतो. शुगर दोनशेच्या वर असेल तर सर्जन सहसा तारीख पुढे ढकलतात आणि ते योग्यच आहे, कारण मधुमेहात अंडकोषाचा जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाव आणि डोस लिहून न्या. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट असलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने ती बंद करणं जिवावर बेतू शकतं.

एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे जांघेतला नायटा. मोठं हायड्रोसील वर्षानुवर्षं मांडीला घासतं, तिथे घाम मुरतो, कातडी काळी पडून खाजते. अशा कातडीवर चीर दिली तर जखम पिकते. ओपीडीतच ती जागा दाखवा, मलम लावून कातडी स्वच्छ होईपर्यंत थांबा. मेडिकलमधून मनाने स्टेरॉईडचं मलम आणू नका, नायटा त्याने दबतो आणि मग जास्त पसरतो. आदल्या रात्री घरी ब्लेडने केस काढणंही टाळा. बारीक कापलेल्या जागांतून जंतू शिरतात. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलमध्येच क्लिपरने काढायला सांगा, आणि घरून साबणाने स्वच्छ आंघोळ करून जा.

दाखल व्हायच्या दिवशी जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध आणि दुधाचा चहा जेवणातच धरायचा, यावरून नातेवाइकांचा गोंधळ होतो आणि ऑपरेशन दुपारवर जातं. संमतीपत्रावर सही करण्याआधी बाजू वाचा: उजवी, डावी की दोन्ही. त्याच बाजूला मांडीवर पेनाने खूणही करून घ्यावी. अँटिबायोटिकचा डोस चीर देण्याच्या तासाभराच्या आत शिरेतून जायला हवा.

भूल बहुधा मणक्यातून देतात. पाय पोटाशी घेऊन पाठ बाहेर काढायची, हनुवटी छातीला लावायची आणि सुई आत जाताना हलायचं नाही. पायांत ऊब येते, मग ते जड होतात आणि काही मिनिटांत कंबरेखालचं काही कळत नाही. हृदयाचा त्रास असलेल्यांत, किंवा हायड्रोसील लहान असेल तर, नसेभोवती इंजेक्शन देऊन जागा बधिर करूनही हे ऑपरेशन होतं. नंतर होतं ते असं: अंडकोषावर चार ते सहा सेंटिमीटरची चीर, एकेक पदर बाजूला करून पाण्याची पिशवी अख्खी बाहेर, तिला भोक पाडून पाणी सक्शनने ओढणं. हे पाणी साधारण गव्हाच्या काडाच्या रंगाचं असतं. दुधाळ निघालं तर हत्तीरोगाकडे बोट जातं. मग वृषण बघून-चाचपून आवरण कापणं किंवा उलटणं, कापलेल्या कडेला सलग धावता टाका आणि रक्ताचा प्रत्येक थेंब थांबेपर्यंत कॉटरी, म्हणजे विजेच्या उपकरणाने बारीक शिरा डागून बंद करणं. चांगला सर्जन सगळ्यांत जास्त वेळ घालवतो तो इथे. अंडकोषाची कातडी सैल असल्याने आत दाब तयार होत नाही, एखादी बारीक शीर उघडी राहिली तरी रक्त थांबायला काही आधार मिळत नाही, ते साचत जातं. म्हणूनच मोठ्या केसमध्ये खालच्या बाजूने रबराची पट्टी ठेवतात, ती एक-दोन दिवसांनी काढतात. काढताना क्षणभर ओढ बसते, एवढंच.

टेबलावरून हलवण्याआधीच लंगोट चढवलेला असावा. हा लंगोट, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारा स्क्रोटल सपोर्ट, कमरेच्या मापाने घेतात, पण पुढची पिशवी जाड ड्रेसिंग मावेल एवढी हवी. सुती घ्या, दोन घ्या, एक धुवायला. घालण्याची रीत महत्त्वाची: अंडकोष वर, पोटाच्या दिशेने उचललेला राहिला पाहिजे. नुसता गुंडाळून खाली लोंबत ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. वॉर्डातल्या मामांना किंवा सिस्टरना एकदा नीट घालून दाखवायला सांगा. झोपताना मांड्यांमध्ये टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवून अंडकोष तिच्यावर टेकवायचा. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटं ठेवायचा, काढायचा, तासाभराने पुन्हा.

पहिल्या रात्री दोन गोष्टींकडे लक्ष असावं. सहा-आठ तासांत लघवी झालीच पाहिजे. मणक्यातल्या भुलीनंतर ती अडते, प्रोस्टेट वाढलेल्या वयस्करांत तर फारच, आणि तेव्हा तात्पुरती नळी घालावी लागते. दुसरी गोष्ट ड्रेसिंग. थोडा लालसर डाग चालतो. पण ड्रेसिंग बदलल्यावर पुन्हा भिजत असेल, अंडकोष तासातासाला वाढत असेल, टणक आणि जांभळा होत असेल, तर आत रक्त साचतंय. या ऑपरेशनमध्ये सगळ्यांत जास्त वेळा हेच बिघडतं. थोडं असेल तर लंगोट आणि आरामावर काही आठवड्यांत जिरतं, जास्त असेल तर त्याच दिवशी पुन्हा ओटीत नेऊन काढावं लागतं. ‘सकाळी राउंडला बघतील’ म्हणून थांबू नका, रात्रीच सर्जनला फोन करायला लावा. उठून बसल्यावर चढणारी आणि आडवं झाल्यावर उतरणारी डोकेदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाली, तर ती मणक्यातल्या सुईची असते, भूलतज्ज्ञाला कळवावं.

घरी आल्यावर घाबरवते ती सूज. ऑपरेशननंतर अंडकोष काही आठवडे टणक आणि मोठाच राहतो आणि माणसाला वाटतं, पैसे वाया गेले, पाणी परत भरलं. ही सूज दीड-दोन महिन्यांत उतरते, जाड आवरण काढलेल्यांत तीन महिनेही लागतात. दर आठवड्याला थोडी कमी होतेय का, एवढंच बघायचं. वाढत असेल, ताप १००.४ च्या वर गेला, घाण वासाचा पू आला, तर दाखवायला जायचं. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळून पडतात, ओढायचे नाहीत. जखमेवर हळद, पावडर, कुणी सांगितलेला लेप काहीही लावू नये. आंघोळ सर्जनने सांगितल्यापासून, आणि नंतर जागा टिपून कोरडी करायची. कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल आणि भरपूर पाणी. लंगोट पहिले दोन आठवडे रात्रंदिवस, पुढचे दोन आठवडे फक्त दिवसा. बैठं काम असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात रुजू होता येतं. शेतीकाम, ओझं उचलणं, सायकल आणि मोटारसायकल महिनाभर बंद, शरीरसंबंधही तेवढाच काळ. धान कापणीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर तारीख घेऊन मग घाईने कामाला लागलेल्यांच्या अंडकोषात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही रक्त साचलेलं आढळतं, म्हणून तारीखच कामाच्या हंगामानंतरची घ्यावी.

डिस्चार्ज घेताना डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, बाजू, किती पाणी निघालं, आवरणाचं काय केलं आणि वृषण कसं दिसलं हे लिहिलेलं आहे ना, ते पाहा. नुसतं ‘हायड्रोसील ऑपरेशन केले’ एवढं असेल तर दुरुस्त करून मागा. आवरण तपासायला पाठवलं असेल तर तो रिपोर्ट आठवड्याभराने वेगळा मिळतो, आणि तो आणायला बहुतेकजण जातच नाहीत. क्लेमच्या फाइलमध्ये मूळ बिलं, मेडिकलच्या प्रत्येक बिलामागे त्याची चिठ्ठी, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि पैसे भरल्याच्या पावत्या लागतात. देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स काढून घ्या. तीन महिन्यांनी सूज पूर्ण उतरल्यावर एकदा हातानेच दोन्ही बाजू तपासून घ्याव्यात, आणि एक बाजू दुसरीपेक्षा मोठी वाटली तर पुन्हा सोनोग्राफी करून तो रिपोर्ट जुन्या रिपोर्टसोबत त्याच सर्जनला दाखवावा.